पानावर जागा नाही

तेजस आला तो पोतं घेऊनच आला. कुरडईच्या कारखान्यासमोर गाडी लावली, डिकीतून पोतं ओढून काढलं आणि थेट उज्ज्वलाच्या पायाशी आणून ठेवलं.

"मोठी आई, रागावू नकोस," तो म्हणाला, "पण आमच्या घरात आता हे ठेवायला जागा राहिली नाही."

पोत्याचं तोंड सोडलं तर आत निळी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर उज्ज्वलाचाच हसरा चेहरा, आणि एकही पाकीट फोडलेलं नाही. तेजस म्हणजे तिच्या धाकट्या जावेचा, कांचनचा मुलगा. बायको ऋतुजासह इंदूरला राहायचा, औषधांच्या कंपनीत नोकरीला होता आणि मित्राच्या लग्नासाठी सिन्नरला आला होता.

"ही कुठनं आणलीस एवढी?"

"आणतोय कुठनं? आई मागवते की तुझ्याकडनं. ऋतुजाचा जुना फोन दिलाय तिला, त्याच्यावरनं. दर महिन्याला एक खोकं येतं. तिला तळलेलं बंद केलंय डॉक्टरांनी, आणि आम्ही दोघं खाऊन खाऊन किती खाणार? टाकून देऊ म्हटलं तर हात लावू देत नाही. शेवटी तिच्या नकळत उचलून आणलंय. कुणाच्या तरी पोटात जाऊ दे."

उज्ज्वला पाकिटाकडं बघतच राहिली. "तुझी आई... माझ्याकडनं मागवते?"

तेजसला हसू आलं. "असं काय विचारतेस? रोज तर बोलता दोघी. सकाळी आमच्या स्वयंपाकघरात तुझाच आवाज असतो. मी ऋतुजाला म्हटलंसुद्धा, बरं झालं बाई, दोघींचं मिटलं एकदाचं."

उज्ज्वला गेल्या सात वर्षांत कांचनशी एक शब्द बोललेली नव्हती.

तेजसला तिनं चहा पाजला, ऋतुजासाठी पापडाचं पीठ बांधून दिलं, गाडी वळेपर्यंत हात हलवला. मग ती आत येऊन त्या पोत्यावरच बसली, आणि कामाच्या बायका आपापसांत काहीतरी कुजबुजल्या.

सिन्नरात लोणाऱ्यांच्या कुरडया कुणाला ठाऊक नव्हत्या असं नाही, पण लोणाऱ्यांच्या म्हणून कुणी ओळखत नसे. लोक म्हणत 'जावांच्या कुरडया'. दोघी जावा, एक गच्ची आणि एप्रिल-मेचं ऊन, एवढ्यावर सगळा कारभार. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून त्यांचा चीक काढायचा. तो चीक मोठ्या पातेल्यात शिजवायला उज्ज्वला, कारण तिच्या दंडात ताकद. आणि शिजलेला गरम चीक सोऱ्यात भरून गच्चीवर पसरलेल्या कापडावर कुरडया घालायला कांचन. कांचनचा हात असा, की प्रत्येक कुरडई सारखी गोल, मध्ये जाळी सुटलेली, आणि तळली की फुलून ताटाबाहेर जाणारी. उज्ज्वलाला ते जमायचं नाही. तिची कुरडई कायम एका बाजूला कलायची आणि कांचन ती गुपचूप उचलून तळाशी दडवायची.

चीक शिजला की आणखी एक रीत होती. जिना चढून वर येईल त्याला वाटीभर गरम चीक. कुणाला दूध-साखर घालून, कुणाला तेल-मीठ घालून. शेजारपाजारचे, रस्त्यानं जाणारे, कधी कुरडई विकत न घेणारेसुद्धा. गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची, आणि कांचन प्रत्येकाला हाक मारून बसवायची.

तेजस कॉलेजात होता तेव्हा त्यानं दोघींसाठी वेबसाइट करून दिली होती. हौशी काम. पहिल्या पानावर दोघींचे फोटो आणि खाली दोघींची नावं. एका पानावर 'घरी कुरडई कशी करावी', त्यात कांचननं आपली सगळी गुपितं सांगून टाकलेली. एका पानावर 'चिकाला या', म्हणजे चिकाचा दिवस आणि घराचा पत्ता. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी फोन नंबर. त्या नंबरावर ऑर्डरी कमी आणि गप्पा जास्त यायच्या. कुणाचा चीक गाठी धरतोय, कुणाच्या कुरडया वाळताना तुटताहेत. कांचन तासभर बोलत बसायची.

मग मोठ्या कंपन्यांच्या मशीनच्या कुरडया बाजारात आल्या. स्वस्त, पांढऱ्याशुभ्र, एका मापाच्या. जावांच्या ऑर्डरी आटल्या. गल्लीतल्या ज्या बायका गच्चीवर कामाला यायच्या, त्या 'पुढच्या वर्षी काम आहे ना?' म्हणून विचारू लागल्या. घराचा कारभार सासूनंतर उज्ज्वलाकडं आलेला आणि तो कधी कुणापुढं हात न पसरता चालवायचा हा तिचा हट्ट. त्या दिवसांत नाशिकच्या एका कंपनीचा अनिश नावाचा मुलगा तिच्याकडं आला.

"काकू, तुमची वेबसाइट म्हणजे घर आहे," अनिश म्हणाला. "माणूस येतो, ओसरीवर टेकतो, माजघरात डोकावतो, परसात चक्कर मारतो, पाणी पितो आणि निघून जातो. विकत काही घेत नाही. तुमच्या साइटवर सगळ्यात जास्त लोक कुठल्या पानावर येतात सांगू? 'चिकाला या'. आणि तिथूनच सगळ्यात जास्त लोक हात हलवत परत जातात."

"मग काय करायचं?"

"घर मोडायचं. नुसतं दार ठेवायचं. लँडिंग पेज म्हणतात त्याला. एकच पान, एकच बटण. ना नंबर, ना पत्ता, ना पाककृती. आलेल्या माणसानं घ्यायचं किंवा जायचं. आणि आमचं पान साधं नाही, जिवंत आहे."

जिवंत म्हणजे काय, हे त्यानं तिला समजावून सांगितलं, आणि ते फारसं अवघडही नव्हतं. माणसाला एखादी गोष्ट आवडली की त्याच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. ते त्याच्या हातात नसतं, त्याला कळतही नाही. वाचताना नजर शब्दांवरून टुणटुण उड्या मारत जाते आणि जिथं मन अडकतं तिथं तीही अडकते. अंगठा काचेवर कधी घट्ट दाबला जातो, कधी नुसता टेकतो. फोन हातात किती थरथरतो त्यावरून श्वास कळतो. हे सगळं फोनचा कॅमेरा आणि काच आधीपासूनच टिपत होते. फोन त्यासाठी परवानगी मागायचा आणि लोक न वाचता ती देऊन टाकायचे. अनिशच्या कंपनीनं एवढंच केलं, की या खुणा वाचता वाचता पान स्वतःला बदलत जाईल अशी सोय केली. एखादं वाक्य भावलं नाही तर ते डोळ्यादेखत विरून दुसरं येणार. भावलं तर त्याच्या पाठोपाठ तसंच आणखी. आवाज मालकिणीचाच, पण बोलणं समोरच्याला हवं तसं. दोन माणसांना एकच पान कधी दिसणार नाही. आणि फोन खाली ठेवला की ते पान पुसलं जाणार. कुणाला काय दिसलं हे मालकिणीलाही कळणार नाही, तसा कायदाच होता. मागं उरेल ते एवढंच, की या गिऱ्हाइकाशी पुढच्या वेळी कसं बोलायचं.

"मला कसं दिसणार मग?" उज्ज्वलानं विचारलं.

"तुमचे डोळे ओळखून ते तुम्हाला नमुन्याचं पान दाखवेल. तुम्हाला कशाला विकायचंय काही?" अनिश हसला.

आवाज भरून घ्यायला तो एक अख्खी दुपार बसला. म्हणाला, वाचून दाखवू नका, मनातलं बोला. उज्ज्वला आधी अवघडली. मग हळूहळू सुटली. सासूबद्दल बोलली, गच्चीबद्दल बोलली, चिकाच्या वासाबद्दल बोलली आणि मग कांचनबद्दल बोलत राहिली. कांचनसारखा हात पंचक्रोशीत नाही. ती नसली की गच्ची सुनी वाटते. तिच्याबरोबर काम करताना ओझं कधी वाटलंच नाही. असलं बोलणं उज्ज्वला आयुष्यात एकदाच बोलली, आणि तेही त्या मशीनपुढं. कांचन तेव्हा खाली गहू निवडत होती.

"छान," अनिश म्हणाला. "नावं तेवढी आम्ही काढून टाकतो, नियम आहे. आणि काकू, फोटो एकच लागेल. दोन चेहरे दिसले की नजर दोघींत वाटली जाते, आणि मग ती बटणापर्यंत पोचत नाही. आम्ही बघितलंय करून."

उज्ज्वलानं फार विचार केला नाही, आणि हीच तिची चूक. थोरली म्हणून तिचाच फोटो लागणार हे तिला इतकं उघड वाटलं, की तिनं कांचनला विचारलंसुद्धा नाही.

पान सुरू झालं त्या आठवड्यात कांचन गच्चीवर फोन घेऊन आली. उज्ज्वला पातेल्यात चीक ढवळत होती, घामाघूम झालेली.

"ताई, ह्यात मी कुठंय?"

"अगं, एकच चेहरा चालतो म्हणे."

"आणि नाव?"

"पानावर जागा नाही गं."

"माझी पाककृती नाही, नंबर नाही, चिकाचं बोलावणं नाही. मग माझं काय आहे ह्याच्यात?"

चीक तळाला लागत होता, ढवळून ढवळून हात भरून आले होते आणि बायका ऐकत होत्या. बायकांसमोर धाकटीनं असा जाब विचारलेला उज्ज्वलाला खपला नाही. "सोऱ्या फिरवायला काय," ती फटकन बोलून गेली, "कुणीही मिळतं."

त्या दिवसाच्या कुरडया कांचननं घालून संपवल्या, कापडाच्या कडा दगडांनी दाबल्या आणि जिना उतरून खाली गेली. दोघींचा अबोला सुरू झाला.

अबोला त्या घराला नवा नव्हता. तीस वर्षांत कितीदा तरी धरला आणि कितीदा तरी सुटला. सासूनं त्यावर एक रीत घालून दिली होती. त्या घरात माफी कुणी मागत नसे, विरजण मागत असे. ज्याची चूक त्यानं वाटी घेऊन दुसरीच्या स्वयंपाकघराच्या दारात जायचं आणि म्हणायचं, आमचं दही आज लागलं नाही बघा, थोडं विरजण असलं तर द्या. दुसरीनं चमचाभर विरजण वाटीत घालायचं. झालं, मिटलं. कशावरून बिनसलं होतं, हा विषय पुन्हा काढायचा नाही.

फक्त एक होतं. चूक कुणाचीही असो, वाटी घेऊन नेहमी कांचनच यायची. उज्ज्वलाला त्याची इतकी सवय झाली होती, की ही वाटी आपल्या हातानंही उचलता येते हे तिच्या डोक्यातच कधी आलं नाही. याही वेळी ती वाट बघत बसली. दाराशी पाऊल वाजलं की मान वर व्हायची. पुढच्या हंगामाआधी कांचन तेजसकडं इंदूरला गेली, जाताना दारात चपला घालून थोडी थांबली, आणि उज्ज्वला आतल्या खोलीत उगीचच भांडी लावत राहिली.

त्यानंतर राग साठत गेला. धंदा मात्र फोफावला. गच्ची सुटली, शेड आली, सोऱ्याच्या जागी दाबाचं मशीन आलं. तेजसच्या मुलीच्या बारशाचं बोलावणं आलं तर उज्ज्वलानं नुसतं बाळलेणं पाठवून दिलं. कुणी कांचनचा विषय काढला की म्हणायची, "तिला एवढा तोरा असेल तर मला काय पडलंय?" पडलेलं होतं, म्हणून तर ती इतक्या तावातावानं बोलायची.

आता पोत्यावर बसल्या बसल्या तिनं अनिशला फोन लावला. अनिश एव्हाना मोठा माणूस झाला होता, पण जुन्या गिऱ्हाइकाला त्यानं वेळ दिला. तिनं कसंबसं सगळं सांगितलं.

"असं होऊ शकतं," तो विचार करत म्हणाला. "त्यांना पहिल्यांदा कधी पार्सल उशिरा गेलं असेल. तेव्हा पान आपणहून म्हणतं, उशीर झाला, चुकलं माझं, माफ करा. हे सगळ्यांनाच म्हणतं. पण त्या वाक्यापाशी त्यांची नजर अडकली असेल, श्वास बदलला असेल. मग पुढच्या वेळी पानानं ते वाक्य वर आणलं. कशाबद्दल चुकलं, हे त्याला ठाऊक नसतं काकू, आणि ठाऊक असायची गरजही नसते. चालतंय म्हटल्यावर ते पुढं पुढं जात राहतं."

"आणि ते माझ्या आवाजात?"

"तुमच्याच. आणि बरेचसे शब्दही तुमचेच. त्या दुपारी तुम्ही बोललेलं सगळं त्याच्याकडं आहे." मग तो म्हणाला, "खरं तर ही कौतुकाचीच गोष्ट आहे."

उज्ज्वलानं फोन ठेवून दिला. हंगाम ऐन भरात होता, शेडमध्ये गव्हाची पिंपं भिजत पडली होती. तिनं बायकांना सांगितलं, "मी इंदूरला चाललेय," आणि त्यांनी काही विचारायच्या आत ती कपडे भरायला लागली.

गाडीत बसून ती वाक्यं जुळवत राहिली. सेंधव्याच्या घाटापर्यंत तिनं माफीची कितीतरी वाक्यं जुळवली आणि मोडली. एकही तिच्या तोंडाला शोभेना.

दार कांचननंच उघडलं. पिकलेले केस, अंग वाळलेलं. क्षणभर दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. "आलात ताई," कांचन म्हणाली, जसं काही उज्ज्वला भाजी घेऊन परत आली होती. पाण्याचा तांब्या पुढं करताना तिचा हात असा थरथरला, की निम्मं पाणी फरशीवर सांडलं.

"हे काय गं?"

"कंपवात म्हणतात. दोन-तीन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत."

उज्ज्वलानं तांब्या तिच्या हातातून काढून घेतला. संध्याकाळी ऋतुजा आली, नात आली, तेजस आला. पोतं नेल्याबद्दल आईची बोलणी त्यानं मुकाट ऐकून घेतली. जेवणं झाली, हसणं-खिदळणं झालं. दोघी जावा त्या गोंधळात एकमेकींना भात वाढत राहिल्या. मनातलं बोलणं मात्र राहिलं.

सकाळी उज्ज्वलाला जाग आली ती स्वतःच्याच आवाजानं. घरातली मंडळी कामाला गेली होती आणि स्वयंपाकघरातून उज्ज्वला बोलत होती.

"चुकलं गं माझं. असा हात मी पंचक्रोशीत बघितला नाही. तू नसलीस की गच्ची सुनी वाटते. तुझ्याबरोबर काम करताना ओझं कधी वाटलंच नाही. मनात काही धरू नकोस. माफ कर मला."

ती दारापर्यंत गेली. ओट्याशी स्टुलावर कांचन बसली होती, फोन डब्याला टेकवून ठेवलेला, चेहरा शांत, देवळात बसल्यासारखा. पान सगळ्या गिऱ्हाइकांना अहो-जाहो करायचं. हिच्याशी ते 'तू' वर आलं होतं, थेट उज्ज्वलासारखं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता आणि त्यातला एकही तिनं आपण होऊन इथपर्यंत आणला नव्हता.

कांचननं वळून बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा फोन पालथा घातला. "उठलात होय? चहा टाकते."

"थांब. बघू दे मला."

कांचननं फोन तिच्यापुढं धरला. उज्ज्वलाचे डोळे समोर येताच आवाज बंद झाला. पानावर तिचाच हसरा फोटो, खाली 'आजच ऑर्डर करा' असं बटण. नमुन्याचं पान.

"तुमच्यासमोर नाही बोलायचं ते," कांचन म्हणाली.

"कांचन, ते... मी नव्हते गं."

"माहितेय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. ताई, तुम्ही 'माफ कर' म्हणाला असता होय? आपल्या घरात म्हणालंय का कधी कुणी?" कांचनला हसू आलं आणि लगेच विझलं. "आणि माझं नाव कुठं घेतलं त्यानं? फोन सूनबाईंच्या नावावर, तर आधी ऋतुजाताई ऋतुजाताई करायचं. मला ते नको वाटायचं, तर तेही सोडून दिलं त्यानं. सगळं बोलायचं. कांचन तेवढं कधी नाही."

"मग ऐकत कशाला बसलीस?"

"बरं वाटायचं." ती ओट्यावरचं न सांडलेलं पुसू लागली. "बरेच दिवस काही मागवलं नाही की कमी बोलायचं. तुटक तुटक. मग मी एक खोकं मागवायची, की पुन्हा आधीसारखं. मला कळत नव्हतं असं नाही. विकतच घेत होते की मी ते."

उज्ज्वला खाली बसली.

"एक सांगू, ताई? ते नसतं ना, तर मी आले असते. पहिल्याच उन्हाळ्यात आले असते वाटी घेऊन. तुम्ही तसं बोललात तरी आले असते. चार-आठ दिवस झाले की जीव वरखाली व्हायचा, वाटायचं उठावं आणि जावं. मग हे लावायचं. ऐकलं की जरा निवायचं, आणि जायचं राहून जायचं. असं करता करता हा हात गेला." तिनं हात समोर धरला. तो थरथरत होता. "आता आले असते तरी काय उपयोग? सोऱ्या धरता येत नाही मला."

उज्ज्वलाला रडू आवरेना. तिच्या सात वर्षांच्या रागाला आता काही अर्थच उरला नव्हता, आणि तो राग सोडला तर त्या वर्षांत तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. ती नाक पुसत म्हणाली, "त्यातलं 'माफ कर' तेवढं त्याचं. बाकीचं माझंच होतं. तुझ्या हाताचं, गच्चीचं. मी बोललेय ते. तो पोरगा आवाज भरून घ्यायला आला होता ना, त्या दुपारी."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल."

"मी तेव्हा खालीच होते," कांचन म्हणाली. "हाक मारायची होती."



"ते पान मी बंद करते," उज्ज्वला म्हणाली. "तेजसला सांगून जुनी साइट परत लावते. तुझा फोटो, तुझं नाव, नंबर, 'चिकाला या', सगळं. कुणी न घेता गेलं तर जाऊ दे."

कांचन खाली बघत, लाजल्यासारखी म्हणाली, "साइट लावा. पण ते बंद करू नका, ताई. एवढ्यात नको. तुम्ही गेल्यावर मला... सवय झालीय."

हे ऐकायला आपण जगायला नको होतं असं उज्ज्वलाला वाटलं. पण ती "बरं" म्हणाली. ती उठली, मांडणीवरची एक स्टीलची वाटी घेतली, स्वयंपाकघराच्या बाहेर गेली आणि परत दारात येऊन उभी राहिली. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवत नव्हतं.

"कांचन," ती म्हणाली, "थोडं विरजण असलं तर दे गं."

कांचनचा चेहरा असा झाला, की उज्ज्वलानं तो तसा आधी कधी बघितला नव्हता. ती घाईघाईनं फ्रिजपाशी गेली, दार उघडलं आणि तिथंच थांबली.

"विरजण नाही, ताई."

"दही असेल की."

"हे असतं." तिनं दह्याचा एक चकचकीत डबा काढून दाखवला. "कंपनीचं. महिनाभर आंबट होत नाही. चवीला दह्यासारखंच. पण ह्यानं दही लागत नाही. मी करून बघितलंय कितीदा तरी. दूध दूधच राहतं."

उज्ज्वला वाटी धरून उभी राहिली. एवढा प्रवास करून आपण आलो, आयुष्यात पहिल्यांदा आलो, आणि घरात विरजणच नाही.

"खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई आहेत," कांचन जरा वेळानं म्हणाली. "घरी दही लावतात म्हणे. जिन्यात वास येतो कधी कधी."

"ओळख आहे तुझी?"

"नाही. इतकी वर्षं राहतेय, पण गेले नाही कधी."

दोघी जिना उतरल्या. कांचननं कठडा धरला होता आणि उज्ज्वलानं तिचा दुसरा हात. तो हात तिच्या हातात एकसारखा हलत होता. खालचं दार बंद होतं. कांचननं घंटा दाबली आणि चटकन उज्ज्वलाच्या मागं सरकली.

"तुम्ही मागा, ताई," ती म्हणाली. "माझी मागायची सवय गेली आता."

आतून चपला फरफटत दाराकडं यायला लागल्या. उज्ज्वलानं वाटी दोन्ही हातांत धरली, आणि तीस वर्षं कांचन आपल्या दारात उभी राहून नेमकं कसं म्हणायची, ते आठवू लागली.